सहा सत्रांची पदवी पाच सत्रांत: आखणी, कागदपत्रं आणि मधले सहा महिने

पदवी लवकर उरकायचा विचार डोक्यात आला की बहुतेक जण लगेच क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेलं अभ्यासाचं माप, मोजायला बसतात. त्याआधी कॅलेंडर काढा. पाचव्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात होते, निकाल जानेवारी-फेब्रुवारीत लागतो. पदव्युत्तर प्रवेश मात्र बहुतेक ठिकाणी जून ते ऑगस्टमध्ये होतात आणि नव्या पदवीधरांची मोठी भरतीही उन्हाळ्यातल्या निकालांच्या सुमारास चालते. म्हणजे वाचवलेलं सत्र नेमकं अशा काळात हाती येतं, जेव्हा पुढची बहुतेक दारं बंद असतात. ते सहा महिने कशाला वापरायचे हे आधी ठरलं असेल तर हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. नुसती घाई म्हणून करत असाल तर सहावं सत्र निवांत पूर्ण करा, काही बिघडत नाही.

नियम कुठपर्यंत मुभा देतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२४ च्या अखेरीस ‘अ‍ॅक्सेलरेटेड डिग्री प्रोग्रॅम’ मंजूर केला. बोलताना त्याला एडीपी म्हणतात. तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत आणि चार वर्षांची आठऐवजी सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करता येते. एकूण क्रेडिट, विषय आणि परीक्षा यांत सूट नाही. तोच अभ्यास कमी सत्रांत बसवायचा.

तीन अटी पक्क्या लक्षात ठेवा. एक, हा पर्याय पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच निवडता येतो. तिसऱ्या सत्रात जाग आली तर उशीर झाला. दोन, मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंतच जागा यासाठी ठेवता येतात. साठ जणांच्या वर्गात सहा. तीन, संस्थेची समिती तुमचे आधीचे गुण आणि झेप पाहून निर्णय घेते, नुसत्या अर्जावर परवानगी मिळत नाही.

चौथी गोष्ट नियमात ठळक दिसत नाही, पण सगळ्यात आधी विचारायची तीच: तुमचं कॉलेज एडीपी राबवतं का? यूजीसीने दिलेली मुभा आणि तुमच्या परीक्षा विभागाने काढलेलं परिपत्रक यांत बरंच अंतर असू शकतं. ‘हो, हो, होईल’ असं तोंडी उत्तर मिळालं तर परिपत्रकाचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर सोय अजून सुरू झालेली नाही असं धरून चाला.

क्रेडिटचा हिशोब

यूजीसीच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० लागतात. काही विद्यापीठांत हा आकडा थोडा चढा असतो, तीन वर्षांना १३२ वगैरे. आपला आकडा अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतून घ्या, सीनियरच्या तोंडून नको.

१२० धरून हिशोब करू. नेहमीच्या चालीने सत्राला २० पडतात. पहिल्या सत्रानंतर एडीपी घेतली तर १०० क्रेडिट चार सत्रांत, म्हणजे सत्राला २५. दुसऱ्या सत्रानंतर घेतली तर ८० क्रेडिट तीन सत्रांत, म्हणजे साधारण २७, २७, २६. कागदावर फरक दोनच क्रेडिटचा दिसतो. आता तो तासांत पाहा. राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत एका क्रेडिटला ३० तास धरले आहेत आणि त्यांत तास, प्रात्यक्षिकं, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं येतं. १५ आठवड्यांच्या सत्रात २० क्रेडिट म्हणजे आठवड्याला ४० तास, २५ म्हणजे ५० आणि २७ म्हणजे ५४. चार वर्षांची पदवी सहा सत्रांत करायची आणि निर्णय दुसऱ्या सत्रानंतर घेतला असेल, तर उरलेल्या चार सत्रांत प्रत्येकी ३० क्रेडिट, आठवड्याला ६० तास. रोज दोन तास प्रवास असेल तर हा आकडा वहीत लिहून भिंतीवर लावा आणि आठवडाभर रोज पाहा. आठवड्यानंतरही जमेल असं वाटलं तर अर्ज करा.

एकूण बेरीज जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. क्रेडिट खणाखणांत वाटलेले असतात. तीन वर्षांच्या चौकटीत मुख्य विषयाला ६०, दुय्यम विषयाला २४, बहुविद्याशाखीय विषयांना ९, भाषेला ८, कौशल्य विषयांना ९, शिवाय मूल्यशिक्षण आणि इंटर्नशिप अशी वाटणी आहे. कौशल्याच्या खणात चार क्रेडिट जास्त झाले म्हणून ते मुख्य विषयात वळते होत नाहीत. ‘१२२ झाले तरी पदवी अडली’ ही तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

सम-विषम सत्रांचा पेच

आखणी सगळ्यात जास्त वेळा इथे फसते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

बहुतेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या सत्राचे विषय पावसाळी सत्रात, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्याचे उन्हाळी सत्रात. पाच सत्रांत संपवणाऱ्याच्या वाट्याला तीन पावसाळी सत्रं येतात आणि उन्हाळी दोनच. सहाव्या सत्राचे विषय पाचव्यात घेऊ म्हणाल तर त्या वेळी ते शिकवणारं कुणी नसतं. ते चौथ्या सत्रातच घ्यावे लागतात, आणि चौथ्या सत्राचे स्वतःचे २० क्रेडिट तिथे आधीच ठाण मांडून बसलेले असतात.

म्हणून सहाव्या सत्राच्या २० क्रेडिटची आधी तीन ढिगांत विभागणी करा. पहिला ढीग, कधीही घेता येणारे: कौशल्य आणि मूल्यशिक्षणाचे विषय, किंवा जे ऑनलाइन मिळतात ते. दुसरा, सुट्टीत होणारे: इंटर्नशिप, क्षेत्रकार्य. तिसरा, अडकलेले: मुख्य विषयाचे पेपर, जे उन्हाळी सत्रातच चालतात.

समजा पहिल्या ढिगात ६, दुसऱ्यात ४ आणि तिसऱ्यात १० क्रेडिट निघाले. अडकलेले १० जसेच्या तसे चौथ्या सत्रात टाकले तर ते सत्र ३० वर जातं. त्याऐवजी चौथ्या सत्रातला कधीही घेता येणारा ३ क्रेडिटचा एक विषय तिसऱ्यात ओढा. मग तिसरं सत्र २० अधिक पहिल्या ढिगातले ३ अधिक हे ३, एकूण २६. चौथं २० वजा ३ अधिक १०, एकूण २७. चौथ्या आणि पाचव्या सत्रामधल्या सुट्टीत इंटर्नशिपचे ४. पाचवं २० अधिक उरलेले ३, एकूण २३. बेरीज ८०. सगळ्यात जड सत्र २७ वर थांबलं आणि शेवटचं हलकं राहिलं. शेवटचं हलकं ठेवणं मुद्दाम आहे. कारण पुढच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज आणि तयारी त्याच महिन्यांत येऊन पडतात.

आता प्रत्येक अडकलेल्या पेपरपुढे त्याची पूर्वअट लिहा. सहाव्या सत्राच्या पेपरला पाचव्याचा पेपर आधी हवा असेल, तर तो चौथ्यात घेता येत नाही. अशी एक जरी साखळी सुटत नसेल तर दोनच मार्ग उरतात: विभागप्रमुखांकडून लेखी सूट, किंवा त्या विषयाचा समकक्ष ऑनलाइन अभ्यासक्रम. दोन्ही मिळत नसतील तर पाच सत्रांचा बेत सोडून द्या. साखळी ताणून बसवलेला बेत चौथ्या सत्राच्या निकालात तुटतो आणि तोवर मागे फिरायची वेळ गेलेली असते.

ऑनलाइनसाठी ‘स्वयम’चा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचा, आधार मोठा आहे. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करता येतात. पण तो विशिष्ट अभ्यासक्रम तुमच्या संस्थेने आधी मान्य केलेला हवा, नंतर प्रमाणपत्र नेऊन दाखवल्यास कुणी विचारत नाही. त्याची परीक्षा आणि निकाल त्यांच्या वेळापत्रकाने होतात, तुमच्या विद्यापीठाच्या नाही. म्हणून शेवटच्या सत्रात स्वयमचा विषय ठेवू नका. चार महिने खपून सगळं संपवलं आणि ३ क्रेडिटच्या निकालासाठी पदवी लटकली, असं व्हायला वेळ लागत नाही.

राहता राहिली एटीकेटी, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या सत्रात जायची सोय. नेहमीच्या विद्यार्थ्याला एक विषय राहिला तर तो पुढच्या परीक्षेत काढता येतो. तुमच्याकडे तो ‘पुढचा’ वेळच नसतो. चौथ्या सत्रात मुख्य पेपर राहिला तर त्याची फेरपरीक्षा कधी, हे आधीच विचारून ठेवा. उत्तर ‘पुढच्या उन्हाळ्यात’ असं असेल तर तुम्ही आपोआप सहा सत्रांचे विद्यार्थी झालात. त्यात कमीपणा नाही, फक्त खोली आणि शिष्यवृत्ती त्याआधी सोडून दिलेली नसावी.

अर्जासोबत काय न्यायचं

दोन पानं पुरतात. पहिल्यावर सत्रवार तक्ता: विषयाचा संकेतांक, नाव, क्रेडिट, कोणत्या खणातला, कुठे करणार. दुसऱ्यावर आजवरचे एसजीपीए, म्हणजे प्रत्येक सत्राची गुणसरासरी, आणि वरच्या वर्गासोबत बसायच्या तासांचं वेळापत्रक. हे दुसरं पान कुणी नेत नाही, आणि नेमकं तेच विभागप्रमुख पाहतात. तुमचा द्वितीय वर्षाचा प्रात्यक्षिकाचा तास आणि तृतीय वर्षाचा पेपर एकाच वेळी येत असेल तर ७५ टक्के हजेरी दोन्हीकडे भरणार कशी? बॅच बदलून सुटतं का ते प्रयोगशाळा सहायकांना आधी विचारा. बॅचची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

मंजुरीचं पत्र जावक क्रमांकासह घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. पुढे दोन-तीन ठिकाणी हेच पत्र तुम्हाला सोडवणार आहे.

निकाल आणि कागद

अंतिम वर्षाचे निकाल, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, एकत्रित गुणपत्रिका हे सगळं परीक्षा विभाग घाऊक पद्धतीने करतो. डिसेंबरात उत्तीर्ण झालेल्या दोघा-चौघांसाठी वेगळा गठ्ठा काढायची सवय तिथे नसते, आणि तुमचा गठ्ठा जूनच्या गठ्ठ्यात जाऊन बसतो. म्हणून पाचव्या सत्राचा परीक्षा अर्ज भरतानाच ‘अंतिम सत्र’ अशी नोंद आहे का ते पाहा. नसेल तर संगणक तुम्हाला अजून एक सत्र बाकी असलेला विद्यार्थी समजतो.

अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, हे मिळवलेले क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं पहिल्या वर्षीच उघडलेलं असतं. क्वचित कुणी ते पुन्हा उघडून बघतो. प्रत्येक सत्राच्या निकालानंतर महिनाभराने डिजिलॉकरमधून ते तपासा. क्रेडिट न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक. आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’, गुणपत्रिकेवर ‘आडनाव’ आधी, आणि एखाद्या अक्षराचं स्पेलिंग वेगळं. पाचव्या सत्रात ही दुरुस्ती करायला गेलात तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि फेऱ्या यांत दोन महिने जातात. दुसऱ्याच सत्रात उरकून टाका.

निकाल लागल्यावर या क्रमाने चला: ना-देय दाखला, एकत्रित गुणपत्रिका, तात्पुरतं प्रमाणपत्र, टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र), परदेशी जायचं असेल तर ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा). ना-देय पहिलं, कारण ग्रंथालयाचं एक पुस्तक बाकी असलं तरी पुढचं काही हलत नाही. मात्र टीसी घेण्याआधी विचार करा. ती हातात पडली की बोनाफाईड, म्हणजे विद्यार्थी असल्याचा दाखला, मिळत नाही आणि त्यावर चालणाऱ्या सवलतीही संपतात.

एडीपीने मिळालेली पदवी नेहमीच्याच पदवीच्या तोडीची आहे, नोकरीला आणि पुढच्या शिक्षणालाही. ट्रान्सक्रिप्टवर ‘ठरलेला अभ्यासक्रम कमी कालावधीत पूर्ण केला’ अशी टीप असायला हवी. ती आली आहे का ते खिडकीवरच वाचून घ्या. कमीपणा वाटून ती नको म्हणणारे भेटतात, पण तुमची खरी ढाल तीच आहे. नोकरीच्या वेळी कागदांची पडताळणी करणारी कंपनी प्रवेशाचं वर्ष आणि उत्तीर्ण वर्ष पाहते. सहा महिने कमी दिसले की शंका काढते. टीप असेल तर शंका तिथेच मिटते.

कॉलेजचा ईमेल बंद होण्याआधी त्यावर उघडलेली सगळी खाती खासगी ईमेलवर वळवा. प्रकल्पाच्या फायली आणि मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार उतरवून घ्या. शिफारसपत्रही याच आठवड्यात मागा. जूनमध्ये मागितलं तर सरांना तुमचा चेहरा आठवेल, काम आठवेलच असं नाही.

पैशाची बाजू

शुल्क वर्षाचं एकरकमी असेल तर अर्धं वर्ष वाचवून त्यात काहीच वाचत नाही. सहाव्या सत्राचा वाटा परत मिळतो का, हे तिसरं वर्ष भरण्याआधी विचारायचं, नंतर नाही. शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता तुम्ही विद्यार्थी नसलेल्या महिन्यांत येणार असेल तर तो गेलाच असं धरा. वसतिगृहाची अनामतही खोली सोडल्याची नोंद झाल्यावरच सुटते.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कळवा. सर्वसाधारण योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्त्याची सवलत असते. अभ्यासक्रम सहा महिने आधी संपला की पहिला हप्ताही तितकाच अलीकडे सरकू शकतो. घरच्यांच्या डोक्यात जुनी तारीख असते, त्यांनाही नवी सांगा.

मधले सहा महिने

आता कॅलेंडरकडे परत येऊ. गेट ही अभियांत्रिकी-विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा फेब्रुवारीत होते. डिसेंबरात मोकळे झालात तर सलग सहा-सात आठवडे मिळतात आणि वर्गमित्रांची तेव्हा तास-सबमिशनची धावपळ चालू असते. हा तुमचा खरा फायदा. एमबीए प्रवेशाची कॅट मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारच्या आसपास येते, म्हणजे थेट तुमच्या शेवटच्या परीक्षांच्या तोंडावर. दोन्हींचा एकत्र बेत केला की एक पडते. एमबीएसाठीच लवकर संपवत असाल तर कॅट पुढच्या वर्षी धरा.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला १ ऑगस्टला वय २१ पूर्ण हवं. अडीच वर्षांत पदवी घेणाऱ्या पुष्कळ जणांचं ते तोवर झालेलं नसतं. पदवी हातात, वय नाही, अशी स्थिती आधी तपासा. अन्यथा घाई कुणासाठी केली हेच कळत नाही.

चार वर्षांच्या पदवीचं गणित इथे वेगळं पडतं. आठऐवजी सहा सत्रांत संपवली तर शेवट उन्हाळ्यात येतो आणि प्रवेशाच्या हंगामाला नेमकं जुळतं. शिवाय चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते, जिथे ती उपलब्ध आहे तिथे. अभ्यासाची कुवत आणि घरून पाठबळ असेल तर आमच्या मते पाच सत्रांच्या बेतापेक्षा हा बेत सरस. आठवड्याच्या साठ तासांची गोष्ट मात्र विसरू नका.

परदेशी जायचं असेल तर प्रवेश विभागाला आधीच विचारा की त्यांना शिक्षणाची वर्षं मोजून लागतात की पदवी पुरते. काही ठिकाणी तीन वर्षांच्या पदवीवरच प्रश्न असतो, अडीच वर्षांवर तो वाढतो. उत्तर ईमेलवर घ्या.

दिवस कसा घालवायचा हा वरवर फुटकळ वाटणारा प्रश्न जानेवारीत डोकं वर काढतो. पाच सत्रं कुणीतरी आखलेल्या वेळापत्रकावर गेलेली असतात, आता घंटा नाही. पहिले दोन आठवडे झोप आणि कागदपत्रं यांसाठी मोकळे ठेवा, त्याहून जास्त नको. तिसऱ्या आठवड्यापासून एक असं काम हवं ज्याची तारीख तुमच्या हातात नाही: प्रवेश परीक्षा, इंटर्नशिप, अर्धवेळ नोकरी, एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधनात मदत. ‘घरी बसून काहीतरी शिकेन’ हे काम धरू नका. मार्चमध्ये त्याचा हिशोब लागत नाही.

घरात तुमची ओळख ‘तसा रिकामाच आहे’ अशी व्हायला आठवडा पुरतो. बँक, दवाखाना, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, धाकट्या भावंडाचा अभ्यास, सगळं तुमच्या गळ्यात येतं. भांडू नका. सकाळी ९ ते १ हे तास घट्ट धरा आणि दुपारनंतरची कामं आपणहून अंगावर घ्या. ‘मला वेळ नाही’ यापेक्षा ‘एक वाजल्यानंतर जातो’ हे घरात जास्त चालतं. ‘मग आता पुढे काय?’ या प्रश्नाला एक वाक्य तयार ठेवा, त्यात महिना असू द्या: ‘फेब्रुवारीत गेट आहे, मेपर्यंत प्रवेशाचं कळेल.’ महिना ऐकला की चौकशी थांबते.

मित्र अजून कॉलेजात असतात. त्यांच्या ग्रुपवर सबमिशनच्या गप्पा चालतात आणि तुम्ही हळूहळू वाचणारे होता, बोलणारे राहत नाही. याला फारसा इलाज नाही. महिन्यातून एकदा ठरवून भेटणं एवढं हातात आहे, आणि ते पुरतं.

नोकरी धरणार असाल तर

प्लेसमेंट सेलला लेखी विचारा: तुम्ही कोणत्या बॅचचे? कंपन्यांच्या अर्जात ‘उत्तीर्ण वर्ष’ असा रकाना असतो. डिसेंबरची परीक्षा आणि जानेवारीचा निकाल असेल तर वर्ष कोणतं? अंतिम गुणपत्रिकेवर छापलं आहे तेच लिहा, सगळीकडे तेच. एका अर्जात एक आणि दुसऱ्यात दुसरं लिहिलं की पडताळणीत गोंधळ होतो. कॅम्पसवर बॅचसोबत बसता येणार असेल तर रुजू होण्याची तारीख उन्हाळ्यानंतरचीच मिळेल, तोवरचे महिने रिकामेच. बाहेरून अर्ज करणार असाल तर ‘लगेच रुजू होऊ शकतो’ हे पहिल्या ओळीत लिहा. जानेवारी-फेब्रुवारीत नवखे पण मोकळे उमेदवार थोडे असतात, त्यामुळे छोट्या कंपन्यांना याचं महत्त्व असतं.

अधल्यामधल्या महिन्यात रुजू झालात तर सोबत नव्यांची तुकडी नसते, म्हणजे प्रशिक्षणाचा वर्गही नसतो. पहिल्याच दिवशी विचारा: शंका कुणाला विचारायची, काम कुणाला दाखवायचं, पहिल्या महिन्याअखेर माझ्याकडून काय अपेक्षित आहे? तीन उत्तरं वहीत लिहा आणि महिन्याअखेर तीच वही घेऊन वरिष्ठांसमोर बसा.

पदवीदान समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची सूचना येते तेव्हा तुम्ही कॉलेजच्या कुठल्याच यादीत नसता. ती अंतिम वर्षाच्या ग्रुपवर पडते, मुदत संपते, मग विलंब शुल्क भरून पुढच्या समारंभाची वाट पाहावी लागते. टीसी घेऊन निघताना वर्गातल्या एका भरवशाच्या मित्राला ती सूचना पुढे पाठवायला सांगून ठेवा, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं परीक्षा विभागाचं पान महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघा.